शब्दांची मोजदाद : चिनी वृत्तपत्रांच्या अभ्यासाचा एक प्रयत्न

२८ जुलै १९७६ रोजी पहाटे पावणेचारच्या सुमारास उत्तर चीनमधील तांगशान हे कोळशाच्या खाणींचे शहर भूकंपाच्या धक्क्याने जमीनदोस्त झाले. दुसऱ्या दिवशीच्या 'पीपल्स डेली'त, म्हणजे चिनी साम्यवादी पक्षाच्या मुखपत्रात, भूकंपाचे वृत्त छापून आले. भूकंपग्रस्त भागातील जनता अध्यक्ष माओंच्या क्रांतिकारी मार्गाच्या प्रकाशात निसर्गावर मात करीत आहे, असा त्या वृत्ताच्या मथळ्याचा आशय होता. किती माणसे गेली याचा मात्र त्यात कोठेही उल्लेख नव्हता. पुढच्या आठवड्यातही तो आला नाही आणि पुढच्या वर्षीही आला नाही. दोन लाख बेचाळीस हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली ही गोष्ट चिनी वाचकाला नोव्हेंबर १९७९ मध्ये कळली. त्याला निमित्त झाले ते भूकंपशास्त्रज्ञांच्या एका परिषदेचे. नैसर्गिक आपत्तीतील मृतांची संख्या हे त्या देशात राज्याचे गुपित मानले जात असे.

मदतकार्यासाठी तांगशानला गेलेल्यांमध्ये छ्यान गांग नावाचा तेवीस वर्षांचा एक सैनिक होता. पुढे तो सैन्याच्या दैनिकात वार्ताहर झाला, आणि भूकंपाला दहा वर्षे होत असताना, १९८६ साली, त्याचा तांगशानवरील प्रदीर्घ वृत्तान्त प्रसिद्ध झाला. त्यात क्रांतिकारी उत्साहाची वर्णने नव्हती. ढिगाऱ्याखाली अडकलेली माणसे, अनाथ मुले, पूर्वसूचना देऊ पाहणारे शास्त्रज्ञ यांच्या हकीकती त्यात होत्या. हा वृत्तान्त चीनमध्ये अतिशय वाचला गेला. १९९८ ते २००१ या काळात छ्यान गांग दक्षिणेकडील क्वांगचौ येथील 'सदर्न वीकली' या साप्ताहिकाचे प्रमुख संपादक-व्यवस्थापक होते. २००१ साली त्यांना पदावरून दूर करण्यात आले. त्यानंतर ते हाँगकाँगला आले आणि हाँगकाँग विद्यापीठाच्या पत्रकारिता व माध्यमाभ्यास केंद्रात संशोधन करू लागले. हे केंद्र १९९९ साली यिंग चॅन या विदुषीने उभारले होते. अमेरिकेतील दैनिकात शोधपत्रकार म्हणून त्यांनी नाव मिळविले होते. तैवानच्या सत्ताधारी पक्षाच्या एका अधिकाऱ्याने त्यांच्यावर भरलेला बदनामीचा खटलाही त्यांनी १९९७ साली जिंकला होता. या दोघांच्या प्रयत्नातून २००४ साली 'चायना मीडिया प्रोजेक्ट' हा संशोधन प्रकल्प आकाराला आला. प्रस्तुत प्रकरणाचा विषय हा प्रकल्प आणि त्याने अभ्यासिलेली चिनी वृत्तपत्रसृष्टी हा आहे.

चीनमध्ये वृत्तपत्रस्वातंत्र्य आहे काय, हा या प्रकल्पाचा प्रश्न नव्हे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी विद्यापीठाची आवश्यकता नाही. ज्या देशात प्रत्येक वृत्तपत्राला पक्षाच्या वा शासनाच्या एखाद्या संस्थेचा आश्रय असावाच लागतो आणि खाजगी मालकीचे दैनिक काढता येत नाही, त्या देशातही एखादे वृत्तपत्र दुसऱ्यापेक्षा अधिक सत्य सांगते आणि एखादे वर्ष दुसऱ्या वर्षापेक्षा अधिक मोकळे असते. हा फरक कोठून येतो, तो कोण घडवून आणतो आणि तो कसा ओळखावा, हे या अभ्यासकांना पाहावयाचे होते.

चिनी साम्यवादी परिभाषेत वृत्तपत्र म्हणजे पक्षाचे 'कंठ आणि जिव्हा'. हा शब्दप्रयोग तेथे निंदाव्यंजक नसून गौरवाचा आहे. कंठाला आणि जिभेला स्वतंत्र मत नसते हे त्यात गृहीतच धरलेले आहे. या कल्पनेचे सर्वांत भीषण उदाहरण १९५८ सालचे होय. 'मोठ्या झेपे'च्या त्या वर्षी प्रत्येक जिल्ह्यातून अचाट पिकांचे आकडे येऊ लागले आणि वृत्तपत्रे ते जसेच्या तसे छापू लागली. १३ ऑगस्ट १९५८ च्या 'पीपल्स डेली'ने हूबेई प्रांतातील माचेंग येथे एका मू जमिनीत ३६,९०० जिनांहून अधिक भात पिकल्याचे जाहीर केले. मू म्हणजे एकराचा साधारण सहावा हिस्सा आणि जिन म्हणजे अर्धा किलो. या हिशोबाने एका एकरात शंभर टनांहून अधिक भात होतो! भाताची लोंबी इतकी दाट की तीवर मुले उभी राहिली आहेत, असे छायाचित्रही सोबत होते. अनेक शेतांतील पीक उपटून एका शेतात गच्च रोवले म्हणजे असे छायाचित्र काढता येते, हे कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. परंतु सरकारी धान्यवसुली अशाच कागदावरच्या पिकांच्या आधारे झाली आणि त्यानंतरच्या दुष्काळात कोट्यवधी माणसे अन्नावाचून मेली. खोटे छापले गेल्याने लोकांची दिशाभूल होते हे तर खरेच; पण खोटे छापणारी राजवटसुद्धा अखेर त्याच खोट्यावर विसंबून निर्णय घेते, ही त्यापुढची गोष्ट आहे.

या संकटावर चिनी व्यवस्थेने आपला असा एक तोडगा पूर्वीच काढून ठेवला होता. 'शिन्हुआ' या सरकारी वृत्तसंस्थेचे वार्ताहर दोन प्रकारचे लेखन करीत : एक छापण्यासाठी आणि दुसरे वरिष्ठ नेत्यांनी वाचण्यासाठी. या दुसऱ्या प्रकारच्या 'अंतर्गत संदर्भ' पत्रिकांमध्ये दंगे, टंचाई, अधिकाऱ्यांची लाचलुचपत यांची वृत्ते बऱ्याच स्पष्टपणे येत. वाचकाचा दर्जा जितका वरचा, तितकी त्याला मिळणारी बातमी अधिक खरी, अशी ही रचना आजही नाहीशी झालेली नाही. आपल्याकडील वाचकाला ही गोष्ट चमत्कारिक वाटेल. परंतु चिनी पत्रकाराचे मन समजून घ्यावयाचे तर ती विसरून चालणार नाही. सत्य शोधण्याचे काम तो करीतच होता. ते कोणाला सांगावयाचे, एवढाच प्रश्न होता.

माओंच्या निधनानंतर हा प्रश्न प्रथम पक्षाच्या आतूनच विचारला गेला. लिऊ बिनयान या लेखक-पत्रकाराने १९७९ साली हेलाँगज्यांग प्रांतातील एका जिल्ह्याच्या इंधन कंपनीत चाललेल्या प्रचंड अफरातफरीचा वृत्तान्त लिहिला आणि देशभर खळबळ उडवून दिली. १९५७ साली 'उजव्या विचारांचा' म्हणून हाच लेखक शिक्षा भोगून आला होता. १९८७ साली त्याला पुन्हा पक्षातून काढून टाकण्यात आले, आणि २००५ साली अमेरिकेत, स्वदेशापासून दूर, त्याचा मृत्यू झाला. 'पीपल्स डेली'चे प्रमुख हू जीवेई यांनी तर सिद्धान्ताचाच प्रश्न उपस्थित केला. वृत्तपत्राने पक्षनिष्ठ असावे हे ठीक. पण पक्षनिष्ठा आणि लोकनिष्ठा यांत विरोध आला तर लोकनिष्ठा श्रेष्ठ मानावी, असे त्यांचे म्हणणे होते. १९८३ साली त्यांना पद सोडावे लागले. तरीही त्यांनी पुढे वृत्तपत्रविषयक कायद्याचा मसुदा तयार करण्याचे काम हाती घेतले. तो कायदा कधीच झाला नाही. चीनमध्ये असा सर्वसाधारण वृत्तपत्र कायदा आजही नाही. सुधारणावादी समजले जाणारे पक्षप्रमुख हू याओबांग यांनीही १९८५ साली प्रमाण ठरवून दिले होते ते असे, की वृत्तपत्रात ऐंशी टक्के यशाचे वर्णन असावे आणि वीस टक्के उणिवांचे. वीस टक्के ही त्या काळी सवलत होती.

१९८७ सालच्या पक्षाच्या तेराव्या महाअधिवेशनात झाओ झियांग यांनी मांडलेल्या राजकीय अहवालात एक नवा शब्दप्रयोग आला. त्याचा मराठीत अनुवाद करावयाचा तर 'लोकमताची देखरेख' असा करावा लागेल. शासनाच्या कारभारावर वृत्तपत्रांच्या द्वारे लोकमताने देखरेख ठेवावी, असा त्याचा अर्थ. येथे मराठी विभक्तिप्रत्ययांकडे थोडे लक्ष द्यावे. 'लोकमताची देखरेख' आणि 'लोकमतावर देखरेख' यांत अंतर केवळ एका प्रत्ययाचे आहे; परंतु पहिल्यात लोकमत कर्ता आहे आणि दुसऱ्यात ते कर्म आहे. चिनी वृत्तपत्रांच्या १९८७ नंतरच्या इतिहासाचा बराचसा भाग या एका प्रत्ययाभोवती फिरतो.

१५ एप्रिल १९८९ रोजी हू याओबांग यांचे निधन झाले. शांघायच्या 'वर्ल्ड इकॉनॉमिक हेरल्ड' या सुधारणावादी साप्ताहिकाने त्यांच्या स्मरणार्थ अंक काढला, तेव्हा शांघायचे पक्षसचिव ज्यांग झेमिन यांनी संपादक छिन बेनली यांना निलंबित केले. मे महिन्यात बीजिंगच्या रस्त्यांवर पत्रकारांचे मोर्चे निघाले. आम्हांला खोटे लिहावयास लावू नका, ही त्यांची मागणी होती. ४ जूनच्या रक्तपातानंतर झाओ पदच्युत झाले आणि ज्यांग पक्षाचे प्रमुख झाले. वृत्तपत्रांनी लोकमताला चुकीचे वळण लावले म्हणून अनर्थ ओढवला, असा निष्कर्ष पक्षाने काढला आणि 'लोकमताला योग्य वळण' हा नवा मंत्र रूढ झाला. हे वळण योग्य असले तर ते पक्षाचे व जनतेचे सुदैव आणि चुकले तर दुर्दैव, असे ज्यांग यांनी १९९६ साली 'पीपल्स डेली'च्या कार्यालयात सांगितले. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, 'लोकमताची देखरेख' हा जुना शब्दप्रयोग रद्द झाला नाही. दोन्ही शब्द एकाच पक्षाच्या कागदपत्रांत शेजारी शेजारी नांदू लागले, आणि पुढील पंधरा वर्षांत चिनी पत्रकारितेने जे काही मिळविले ते या दोहोंमधील फटीत उभे राहून मिळविले.

ही फट रुंदावली ती मुख्यतः पैशामुळे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस सरकारने वृत्तपत्रांना व्यापारी पद्धतीने कारभार करण्याची मुभा दिली. २८ जानेवारी १९७९ रोजी शांघाय दूरदर्शनवर एका औषधी मद्याची जाहिरात झळकली; चिनी दूरदर्शनवरील ती पहिली जाहिरात होय. सरकारी अनुदान आटत गेले तसतशी प्रांतोप्रांतीच्या पक्षपत्रांनी शहरी वाचकांसाठी चटपटीत जोडपत्रे काढली. पक्षाचे मुखपत्र कार्यालये विकत घेत, त्याचे अपत्य असलेले नगरपत्र सामान्य माणूस कोपऱ्यावरच्या दुकानातून विकत घेई; आणि मुखपत्राचा खर्च पुष्कळदा या अपत्याच्या कमाईतून भागे. वाचकाला हवे ते छापल्यावाचून अंक खपत नाही, हे एकदा कळल्यावर काही संपादकांनी सिनेनटांच्या भानगडी छापल्या आणि काहींनी अधिकाऱ्यांच्या. चीनच्या मध्यवर्ती दूरदर्शनवर १ एप्रिल १९९४ पासून रोज संध्याकाळच्या बातम्यांनंतर अधिकाऱ्यांच्या गैरकारभाराचे दर्शन घडविणारा कार्यक्रम सुरू झाला. १९९८ साली पंतप्रधान झू रोंगजी स्वतः त्याच्या कार्यालयात गेले आणि शासनाचा आरसा म्हणून त्याचा त्यांनी गौरव केला. या कार्यक्रमाच्या दाराशी मग दोन रांगा लागत असे सांगतात : एक तक्रार घेऊन आलेल्या सामान्यांची आणि दुसरी, आपली बातमी दाखवू नये म्हणून रदबदली करावयास आलेल्या अधिकाऱ्यांची.

दुसरी युक्ती भूगोलाची होती. एका प्रांताचा प्रचारविभाग आपल्या प्रांतातील वृत्तपत्राला गप्प करू शकतो. शेजारच्या प्रांतातील वृत्तपत्रावर त्याची सत्ता चालत नाही. तेव्हा क्वांगतुंगच्या वृत्तपत्राने हेनानच्या अधिकाऱ्यांचे दोष दाखवावेत आणि क्वांगतुंगचे इतरांनी दाखवावेत, असा प्रघातच पडला. हेनानमधील खेड्यांत रक्तविक्रीच्या धंद्यातून एड्सचा फैलाव झाला, त्याची एक आरंभीची बातमी हेनानमधल्याच वार्ताहराने लिहिली. पण ती छापून आली २००० साली, दूरच्या सिच्वान प्रांतातील दैनिकात. या 'परप्रांतीय देखरेखी'ला कायद्याचा आधार नव्हता. तिचे सारे बळ नोकरशाहीच्या अधिकारसीमांमध्ये होते. प्रांतांच्या तक्रारींनंतर, २००५ च्या सुमारास, केंद्राने तीवर निर्बंध घातले.

या सर्व प्रवाहांचा संगम सुन झिगांग प्रकरणात झाला. हूबेईमधून क्वांगचौला नोकरीसाठी आलेला हा सत्तावीस वर्षांचा पदवीधर १७ मार्च २००३ रोजी रात्री बाहेर पडला असता पोलिसांनी त्याला अडविले. तात्पुरत्या निवासाचा परवाना त्याच्याजवळ नव्हता. असा परवाना नसलेल्या परगावच्या माणसांना धरून गावी परत पाठविण्याची व्यवस्था तेथे १९८२ च्या नियमांनुसार होती. तिसऱ्या दिवशी तो मरण पावला. हृदयविकार, असे कारण सांगण्यात आले. शवचिकित्सेत मात्र बेदम मारहाणीच्या खुणा आढळल्या. नगरपत्र 'सदर्न मेट्रोपोलिस डेली'ने २५ एप्रिल रोजी सगळी हकीकत प्रसिद्ध केली. ती महाजालावरून देशभर पोचली. कायदेपंडितांनी या नियमांच्या घटनात्मकतेला आव्हान देणारी निवेदने धाडली. आणि २० जून रोजी मंत्रिपरिषदेने ते नियमच रद्द केले. एका दैनिकातील बातमीने चीनमध्ये एक राष्ट्रीय नियम दोन महिन्यांच्या आत मोडीत काढला. त्या दैनिकाचे पुढे काय झाले हेही सांगितले पाहिजे. १९ मार्च २००४ रोजी त्याच्या दोन प्रमुख व्यवस्थापकीय अधिकाऱ्यांना आर्थिक गैरव्यवहाराच्या आरोपाखाली प्रदीर्घ कारावासाच्या शिक्षा झाल्या, ज्या अपिलात कमी झाल्या. संपादक चेंग यीझोंग यांना पाच महिने कोठडीत काढावे लागले. हा बातमीचाच सूड होता, याविषयी चिनी पत्रकारांच्या मनात शंका नव्हती. चेंग यांना २००५ साली युनेस्कोचा वृत्तपत्रस्वातंत्र्य पुरस्कार मिळाला. तो स्वीकारण्यास त्यांना जाता आले नाही.

तथापि या काळाचे चित्र केवळ धीरोदात्त संपादकांचे रंगविणे सत्याला धरून होणार नाही. २२ जून २००२ रोजी शान्शी प्रांतातील फानशी येथे सोन्याच्या खाणीत स्फोट होऊन ३८ कामगार मेले. मालकांनी प्रेते दडविली. चौकशीसाठी गेलेल्या ११ पत्रकारांनी रोख रक्कम आणि सोन्याचे तुकडे घेऊन मौन पाळले. त्यांत 'शिन्हुआ'चे चार होते. नियंत्रण, परिवर्तन आणि बेबंदपणा ही तिन्ही एकाच वृत्तपत्रसृष्टीत, कधी एकाच कार्यालयात, एकाच वेळी होती.

हाँगकाँगमधील प्रकल्प अशा वेळी सुरू झाला. १९९७ साली चीनकडे आलेल्या या शहरात त्या वेळी मुद्रणस्वातंत्र्य शाबूत होते, मुख्य भूमीतील वृत्तपत्रे मिळत होती आणि क्वांगचौहून आगगाडीने दोन तासांत येता येत होते. प्रकल्पाने चिनी पत्रकारांना अभ्यासवृत्ती देऊन बोलाविले. एरव्ही बातमी छापली की ती मागील अडचणी विसरून जावयाच्या, अशा सवयीची ही माणसे येथे निवांत बसून आपले अनुभव लिहीत आणि विद्यार्थ्यांपुढे बोलत. या संचितातून डेव्हिड बान्डुर्स्की आणि मार्टिन हाला यांनी संपादिलेला, चिनी शोधपत्रकारितेतील आठ प्रकरणांची चिकित्सा करणारा ग्रंथ २०१० साली प्रसिद्ध झाला. हेनानमधील एड्स आणि बीजिंगमधील टॅक्सी-व्यवसायातील भ्रष्टाचार ही त्यांतील दोन प्रकरणे. बातमी कशी मिळाली, यापेक्षा ती कशी छापता आली, याचे तपशील त्यात अधिक आहेत, आणि तेच अधिक मोलाचे आहेत.

परंतु प्रकल्पाची खरी ओळख झाली ती छ्यान गांग यांच्या शब्दगणनेमुळे. चिनी पक्षव्यवहारात प्रत्येक धोरणासाठी शब्दांची ठरीव मांडणी असते. ती वरून ठरते आणि खालच्या प्रत्येकाने ती तशीच उच्चारावयाची असते. एखादा नवा शब्द आला, जुना गळला किंवा दोन शब्दांचा क्रम बदलला, तर ती बारकाव्याची गोष्ट नसते; सत्तेच्या तराजूत काहीतरी हलले आहे, असा त्याचा अर्थ असतो. जुन्या पिढीतील चीन-अभ्यासक हे अनुभवाने जाणत. छ्यान यांनी त्याला मोजमापाची शिस्त लावली. 'पीपल्स डेली'चे सारे जुने अंक संगणकावर शोधता येऊ लागल्यावर, कोणता शब्द कोणत्या वर्षी किती लेखांत आला हे त्यांनी मोजावयास घेतले. राजकीय शब्दांची त्यांनी चार रंगांत वर्गवारी केली. माओकालीन वारशाचे शब्द गडद तांबडे. पक्षाचे आजचे चलनी शब्द फिके तांबडे. पक्षाने घडविलेले नसूनही वृत्तपत्रांतून खपवून घेतले जाणारे, उदाहरणार्थ 'नागरी समाज', हे फिके निळे. आणि सत्ताविभाजन किंवा सैन्याला पक्षाऐवजी राष्ट्राच्या अधीन करणे, यांसारखे निषिद्ध शब्द गडद निळे. फिक्या निळ्याचा विस्तार होतो आहे की आकुंचन, यावरून हवामानाचा अंदाज येतो. प्रकल्पाने पुढे तर शब्दांच्या उष्णतेची सहा पायऱ्यांची तापमानपट्टीच तयार केली. भूकंपाच्या वृत्तान्ताने ज्याची कारकीर्द घडली, त्याने जणू कंपमापक यंत्रच हाती घ्यावे, असे हे झाले.

या पद्धतीच्या मर्यादा उघड आहेत. एखादा शब्द प्रशंसेने उच्चारला काय आणि निषेधाने उच्चारला काय, मोजणीत तो एकच भरतो. 'राजकीय व्यवस्थेत सुधारणा' हा शब्दसमूह झाओ झियांग यांच्या १९८७ च्या अहवालात ज्या जोराने आला, त्या जोराने पुढे कधी आला नाही. मात्र नंतरच्या अहवालांत तो लुप्तही झाला नाही. सावधपणा, क्रमाक्रमाने इत्यादी विशेषणांच्या वेष्टनात तो गुंडाळला जाऊ लागला. संख्या पाहून त्यातील फरक कळत नाही. वाक्य वाचावे लागते. छ्यान यांची सर्वोत्तम टिपणे तीच होत, ज्यांत मोजणी अर्ध्यावर सोडून ते वाक्याकडे वळतात.

सप्टेंबर २००५ मध्ये चीनने जाहीर केले की, नैसर्गिक आपत्तींतील मृतांची संख्या यापुढे राज्याचे गुपित राहणार नाही. तांगशानला एकोणतीस वर्षे झाली होती. १२ मे २००८ रोजी सिच्वानमधील वेनच्वान येथे पुन्हा तसाच प्रलयंकारी भूकंप झाला, तेव्हा हा बदल किती खोल गेला आहे याची परीक्षा झाली. प्रारंभी वार्ताहरांना तिकडे न जाण्याचे आदेश होते; शेकडो वार्ताहर ते न जुमानता गेले. आदेश मागे पडला आणि मृतांचे आकडे रोज जाहीर होऊ लागले. मृत व बेपत्ता मिळून अखेर हा आकडा ८७ हजारांच्या घरात गेला. पण शेजारच्या इमारती उभ्या असताना शाळाच का कोसळल्या, हा प्रश्न मृत मुलांचे आईबाप विचारू लागले आणि वार्ताहर तो छापू लागले, तेव्हा दार पुन्हा बंद झाले. मेलेल्या वा बेपत्ता विद्यार्थ्यांची ५,३३५ ही अधिकृत संख्या एक वर्षाने, मे २००९ मध्ये, जाहीर झाली.

२० जून २००८ रोजी पक्षप्रमुख हू जिंताओ 'पीपल्स डेली'च्या कार्यालयात गेले. तेथील त्यांच्या भाषणाचे प्रकल्पाने केलेले विश्लेषण त्याच्या उत्तम कामांपैकी एक होय. बातमी दडपून चालणार नाही, ती पक्षाच्या माध्यमांनीच सर्वांच्या आधी सांगितली पाहिजे, असे त्या भाषणाचे तात्पर्य होते. प्रवाहाला बांध घालण्याऐवजी त्याला पाट काढून द्यावयाचा. परदेशांतील पुष्कळ निरीक्षकांना यात मोकळीक दिसली. नियंत्रणाचीच ही सुधारलेली आवृत्ती आहे, असे प्रकल्पाच्या अभ्यासकांनी दाखवून दिले, आणि कालांतराने त्यांचेच म्हणणे खरे ठरले.

चीनच्या पुराणकथेत महापुराचे पाणी पाट काढून ओसरविणारा राजा म्हणजे यू. जानेवारी २०१३ मध्ये 'सदर्न वीकली'च्या नववर्षविशेषांकासाठी राज्यघटनेच्या अंमलबजावणीचे स्वप्न मांडणारा लेख तयार होता. प्रांतीय प्रचारविभागाच्या हस्तक्षेपाने तो बदलला गेला आणि पक्षाच्या गुणगानाचे त्याला रूप आले. घाईत केलेल्या प्रास्ताविकात चार हजार वर्षांपूर्वीचा मानला जाणारा यू दोन हजार वर्षांपूर्वीचा झाला! संपादकवर्गाने उघड निषेध केला, काम बंद करण्याची भाषा केली आणि वाचकांनी कार्यालयाच्या फाटकापाशी फुले आणून ठेवली. तडजोड झाली, पण त्या साप्ताहिकाचे तेज नंतर परतले नाही. त्याच वर्षी पक्षाच्या एका अंतर्गत दस्तऐवजात पत्रकारितेविषयीच्या पाश्चात्त्य कल्पनांची सात धोक्यांमध्ये गणना झाली. १९ फेब्रुवारी २०१६ रोजी शी जिनपिंग यांनी एका दिवसात 'पीपल्स डेली', 'शिन्हुआ' आणि मध्यवर्ती दूरदर्शन या तिन्ही कार्यालयांना भेट दिली आणि पक्षाच्या माध्यमांचे आडनाव 'पक्ष' हेच असले पाहिजे असे बजाविले. 'लोकमताची देखरेख' हा शब्द त्यांनीही टाकला नाही. ती आणि सकारात्मक प्रचार ही एकरूपच आहेत, असे ते म्हणाले. झाओ झियांग यांचा शब्द तीस वर्षे टिकला. मात्र ज्या फटीमुळे त्याला अर्थ होता, ती या वाक्याने बुजविली गेली.

चायना मीडिया प्रोजेक्टनेही पुढे विद्यापीठाचे छत्र सोडले आणि तो स्वतंत्र संस्था म्हणून काम करू लागला. ३० जून २०२० रोजी हाँगकाँगमध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायदा लागू झाला; जून २०२१ मध्ये तेथील 'अ‍ॅपल डेली' हे दैनिक बंद पडले, डिसेंबरमध्ये 'स्टँड न्यूज'. मुख्य भूमीतील पत्रकारांनी जेथे येऊन मोकळेपणाने बोलावे असे ते शहर, स्वतःच अभ्यासाचा विषय झाले.

दरम्यान वूहानमध्ये आकड्यांचा प्रश्न पुन्हा एकदा उभा राहिला. डॉ. ली वेनल्यांग यांनी ३० डिसेंबर २०१९ रोजी सहाध्यायी डॉक्टरांना एका संशयास्पद आजाराची सूचना दिली होती. अफवा पसरविल्याबद्दल पोलिसांनी ३ जानेवारी २०२० रोजी त्यांच्याकडून ताकीदपत्रावर सही घेतली. ७ फेब्रुवारीला त्याच आजाराने ते वारले. 'साय्शिन' या बीजिंगच्या नियतकालिकाचे वार्ताहर टाळेबंदीतही वूहानमध्ये काम करीत होते. मार्चच्या अखेरीस हानकौच्या दहनभूमीसमोर नातेवाईक अस्थिकलश घेण्यासाठी रांगा लावून उभे असताना, एका मालमोटारीतून उतरत असलेल्या हजारो कलशांचे वृत्त त्यांनी दिले. शहराचा अधिकृत मृत्युसंख्येचा आकडा त्या वेळी अडीच हजारांच्या आसपास होता. सुमारे तीन आठवड्यांनी, १७ एप्रिल रोजी, वूहानच्या प्रशासनाने त्यात १,२९० मृत्यूंची भर घातली आणि तो ३,८६९ झाला.